घरधन्याचे वेड आणि मोलियेर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात सतराव्या शतकातील फ्रेंच नाटककार मोलियेर याच्या सुखात्मिकांवर लेख प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. ज्यांच्या वाचनात तो लेख आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोलियेरचे मूळ नाव झाँ-बातिस्त पोक्लँ. पॅरिसमध्ये राजाच्या पदरी गाद्या-पडद्यांचे काम पाहणाऱ्या एका कारागिराच्या घरी १६२२ साली त्याचा जन्म झाला. वडिलांचा धंदा सोडून त्याने १६४३ साली नाटक मंडळी काढली, ती कर्जात बुडाली, त्या कर्जापायी त्याला कैदही भोगावी लागली, आणि मग सुमारे तेरा वर्षे फ्रान्सच्या गावोगावी खेळ करीत हिंडल्यानंतर १६५८ साली तो पॅरिसला परतला. त्याची आज गाजत असलेली बहुतेक नाटके त्यापुढच्या पंधरा वर्षांतील आहेत.

प्रश्न : ‘तार्तुफ’ हे ढोंगी धार्मिकाचे नाटक म्हणून ओळखले जाते, परंतु पाच अंकांच्या या नाटकात तो ढोंगी तिसऱ्या अंकापर्यंत रंगमंचावर येतच नाही. मग पहिले दोन अंक आपण नेमके कोणाला हसत असतो? आणि हे नाटक धर्माची टिंगल करते, हा त्या काळचा आरोप कितपत खरा होता? (एक शिक्षिका, सेलू, जि. परभणी)

उत्तर : आपला प्रश्न नाटकाच्या गाभ्यालाच हात घालतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. पहिले दोन अंक आपण ओर्गोंला हसतो. ओर्गों हा सुखवस्तू, कर्तासवरता घरधनी. चर्चमध्ये भक्तिभावाने गुडघे टेकणारा एक कफल्लक माणूस त्याने पाहिला, त्याला घरी आणून ठेवले आणि आता त्या माणसाखेरीज त्याला दुसरे काही दिसत नाही. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात तो दोन दिवसांनी गावाहून परततो आणि दोरीन या मोलकरणीकडे घरची हालहवाल विचारतो. ती सांगते की, बाईसाहेबांना ताप भरला होता आणि डोके फार दुखत होते. तो विचारतो, “आणि तार्तुफ?” तार्तुफ ठणठणीत आहे, चेहऱ्यावर तेज आहे, असे ती सांगते. त्यावर हा म्हणतो, “बिचारा!” बाईंना रात्री अन्नाचा कणही गोड लागला नाही, असे ती सांगते, हा पुन्हा विचारतो, “आणि तार्तुफ?” त्याने दोन तितर आणि बकऱ्याच्या तंगडीचे अर्धे मटण फस्त केले. “बिचारा!” बाईंचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, तार्तुफ ताटावरून उठून थेट ऊबदार बिछान्यात शिरला आणि सकाळपर्यंत गाढ झोपला. “बिचारा!” बाईंचे रक्त काढावे लागले, तेव्हा कुठे त्यांना उतार पडला, गेलेल्या त्या रक्ताची भरपाई म्हणून तार्तुफने न्याहारीला चार मोठे घोट वाइन घेतली. “बिचारा!”

हाच प्रश्न आणि हाच उद्गार चार वेळा येतो. प्रत्येक वेळी शब्द तेच राहतात आणि बायकोचे दुखणे व पाहुण्याचे सुख यांतील अंतर मात्र वाढत जाते. तार्तुफ अजून विंगेतच आहे. हसू येते ते त्याच्या ढोंगाचे नसून ओर्गोंच्या आंधळेपणाचे. लबाड माणूस सगळीकडेच असतो. पण घरातल्या सर्वांना जे दिसते ते ज्याच्या हाती घराच्या किल्ल्या आहेत त्या एकालाच दिसू नये, ही मोलियेरची खरी चिंता आहे. पुढे ओर्गों मुलीचे ठरलेले लग्न मोडून ती तार्तुफला देऊ पाहतो, खरे बोलणाऱ्या मुलाला घराबाहेर काढतो आणि सारी मालमत्ता तार्तुफच्या नावावर करून देतो. अखेर त्याची बायको एल्मीर त्याला टेबलाखाली लपवून बसवते आणि तार्तुफचे प्रेमाराधन त्याच्या कानांवर घालते, तेव्हा त्याचे डोळे उघडतात. पाचव्या अंकात तर मोलियेरने त्याला त्याच्याच औषधाची चव दिली आहे. आपण हे सारे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, असे तो आपल्या आईला जीव तोडून सांगतो आणि ती म्हातारी, काल तो जसा कोणाचे ऐकत नव्हता तशीच, आज त्याचे ऐकत नाही. या प्रवेशाइतका न्याय्य प्रवेश मला सुखात्मिकेत क्वचितच आढळला आहे. आपल्याकडे बुवाबाजीची प्रकरणे उघडकीस येतात तेव्हा सारी चर्चा बुवाभोवती फिरते. शेतजमीन, दागिने आणि लेकीबाळींचे भवितव्य त्याच्या पायांवर वाहणाऱ्या कर्त्या पुरुषाला मात्र आपण ‘भोळा’ म्हणून सोडून देतो. मोलियेर त्याला सोडत नाही. रंगमंचावर ओर्गोंची भूमिका तो स्वतः करीत असे.

आता आरोपाविषयी. हे नाटक प्रथम १२ मे १६६४ रोजी व्हर्साय येथील राजाच्या उत्सवात तीन अंकांत झाले आणि लगेच त्याच्या जाहीर प्रयोगांवर बंदी आली. एका धर्मगुरूने तर नाटककाराला जाळून टाकण्याच्या लायकीचा ठरवले. राजा युद्धासाठी फ्लँडर्समध्ये असताना, ५ ऑगस्ट १६६७ रोजी, नाव आणि काही तपशील बदलून केलेला प्रयोग दुसऱ्याच दिवशी रोखण्यात आला, आणि पॅरिसच्या आर्चबिशपने हे नाटक पाहणाऱ्या, वाचणाऱ्या व ऐकणाऱ्या सर्वांना धर्मबहिष्काराची धमकी दिली. परवानगी मिळाली ती ५ फेब्रुवारी १६६९ रोजी. छापील नाटकाच्या प्रस्तावनेत मोलियेर स्पष्ट सांगतो की, प्रेक्षकाला या माणसाविषयी क्षणभरही संभ्रम राहू नये म्हणूनच त्याच्या आगमनाची तयारी करण्यात आपण पूर्ण दोन अंक खर्च केले. आपण विचारलेल्या उशिराच्या प्रवेशाचे हे दुसरे कारण. नाटकात क्लेआँत हा ओर्गोंचा मेहुणा खरी श्रद्धा आणि तिचा देखावा यांतील फरक वारंवार बोलून दाखवतो. त्यामुळे धर्माची टिंगल हा आरोप मला मान्य नाही. पैठणच्या नाथांनी भारुडांतून सोंगाढोंगाचे वाभाडे काढले, म्हणून त्यांची भक्ती उणी ठरली असे आपण म्हणत नाही. तोच न्याय येथे लावावा.

प्रश्न : मोलियेरच्या ‘कंजूष’ नाटकात ‘हुंड्याशिवाय’ या शब्दांवर हशा पिकवला आहे. हुंड्यापायी कर्जबाजारी झालेल्या आमच्या भागातील वाचकाने या विनोदाला कसे हसावे? हुंडा न घेणे ही चांगलीच गोष्ट नव्हे का? (एक वाचक, केज, जि. बीड)

उत्तर : आपली अस्वस्थता रास्त आहे आणि तिचे निरसन त्या प्रवेशातच आहे. ९ सप्टेंबर १६६८ रोजी प्रथम रंगमंचावर आलेल्या या नाटकाचा नायक आर्पागों याने बागेत दहा हजार सुवर्णमुद्रा पुरून ठेवल्या आहेत. मुलगी एलीझ हिला तो पन्नाशीच्या घरातील एका श्रीमंत गृहस्थाला देऊ पाहतो, कारण तो गृहस्थ हुंडा मागत नाही. वालेर हा तिचा प्रियकर कारभाऱ्याच्या वेषात त्याच घरात वावरतो आहे. लग्न म्हणजे जन्माचा प्रश्न, वयातील अंतर, मुलीचा कल या सर्व गोष्टी तो धन्याला न दुखावता आडवळणाने सुचवत जातो आणि आर्पागों प्रत्येक मुद्द्याला एकच उत्तर देतो : “हुंड्याशिवाय!” हुंडा टाळण्याला नाटककार हसत नाही. बापाने लेकीच्या आयुष्याचा हिशेब एका रकमेत आटोपला आणि ती रक्कम वाचली म्हणताच उरलेले सगळे प्रश्न मिटले असे मानले, याला तो हसतो. आपल्या भागात कमी हुंड्यात भागते म्हणून मुलीला शाळेतून काढून कोवळ्या वयात उजवणारी घरे आपणही पाहिली असतील. तेथे गरिबीचा रेटा असतो, आर्पागोंकडे तर पैसा पुरलेला आहे, हा फरक मोठा आहे. परंतु मुलीच्या जन्माची किंमत वाचलेल्या पैशात मोजण्याची रीत तीच आहे. देवलांनी १८९९ साली ‘शारदा’ नाटकात पैशासाठी पोटची पोर जरठाला देणारा कांचनभट उभा केला. तो आणि आर्पागों एकाच जातकुळीचे बाप आहेत.

आपल्या पत्रात सावकारीचाही ओझरता उल्लेख आहे, म्हणून याच नाटकाच्या दुसऱ्या अंकाकडे लक्ष वेधतो. आर्पागोंचा मुलगा क्लेआँत (‘तार्तुफ’मधील मेहुण्याचे नाव हेच असले तरी हा वेगळा) दलालामार्फत पंधरा हजार फ्रँकचे कर्ज काढू पाहतो. सावकार म्हणतो की, मी फार कमी व्याज घेतो; मात्र ही रक्कम मला दुसऱ्याकडून आणावी लागते, तेव्हा त्याचे व्याजही घेणाऱ्यानेच भरावे. दोन्ही व्याजे मिळून दर शेकडा पंचवीसच्या वर जातो. शिवाय रोख मिळणार बारा हजारच. उरलेल्या तीन हजारांपोटी जुना पलंग, विटांची भट्टी, तारा जवळजवळ शाबूत असलेले तंतुवाद्य आणि पेंढा भरलेले साडेतीन फूट लांबीचे सरड्याचे कातडे, असा माल मुकाट्याने घ्यावा लागणार आहे. ही यादी रंगमंचावर मोठ्याने वाचली जाते. सावकारीचा कागद इतक्या बारकाईने नाटकात क्वचितच आला असेल. हा अदृश्य सावकार म्हणजे आपला बापच आहे, हे मुलाला कळते आणि बापालाही आपले कूळ म्हणजे आपला मुलगा असल्याचे कळते. दोघे समोरासमोर येतात आणि दोघेही एकमेकांना लाज काढून दाखवतात. येथे हसू येते, पण घर आतून मोडल्याचेही दिसते.

प्रश्न : समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणे आणि पढतमूर्खाची लक्षणे सांगितली आहेत. मोलियेरची पात्रे त्यांच्याशी ताडून पाहणे योग्य होईल का? (एक वाचक, घनसावंगी, जि. जालना)

उत्तर : अवश्य पाहावे; आपल्या तालुक्यातील जांब हे समर्थांचे जन्मगाव असल्याने हा प्रश्न आपल्याकडून यावा याचा विशेष आनंद वाटला. समर्थांचा जन्म १६०८ सालचा. मोलियेरचे सारे आयुष्य, १६२२ ते १६७३, समर्थांच्या हयातीतच सामावते. दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात समर्थ एकेक लक्षण सांगून ‘तो येक मूर्ख’ असे म्हणत जातात, आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाकडे वळतात. ‘आपली आपण करी स्तुती’ हे लक्षण ऐकताना मोलियेरच्या ‘मिझांथ्रोप’ नाटकातील ओरोंत आठवतो, जो स्वतःची कविता ऐकवून प्रामाणिक मत मागतो आणि ते मिळताच तंटा उभा करतो. ‘विदुषी स्त्रिया’ या १६७२ सालच्या नाटकातील त्रिसोतें हा तर सरळ पढतमूर्खाच्या समासात शोभेल.

मात्र रीत वेगळी आहे आणि ती ध्यानात घेतली पाहिजे. समर्थांचा हेतू श्रोत्याने स्वतःला तपासावे आणि सुधारावे हा आहे. म्हणून ते शेकडो लक्षणे मांडतात, त्यांपैकी आपले कोणते ते ज्याचे त्याने ओळखावे. मोलियेर एकच लक्षण घेतो, ते घराच्या कर्त्या पुरुषाला देतो आणि त्याचा भोग बायको, मुले, नोकर यांच्यापैकी कोणाकोणाच्या वाट्याला कसा येतो ते पाच अंक दाखवतो. ओर्गोंचे वेड भक्तीचे, आर्पागोंचे पैशाचे, ‘सभ्य गृहस्थ’ नाटकातील व्यापारी झुर्दां याचे उच्चकुलीन दिसण्याचे. तिन्ही घरांत मुलीचे लग्न बापाच्या वेडापायी अडते, हा योगायोग खासच नव्हे. बापाचा शब्द हाच कायदा असलेल्या समाजात त्याचे खूळ हीच घरावरची आपत्ती असते. शहाणपण तेथे बहुतेक वेळा मोलकरणीच्या तोंडी येते. दोरीन, झुर्दांकडची निकोल, ‘काल्पनिक रोगी’मधील तोआनेत या तिघी धन्याला तोंडावर खरे सुनावतात.

मोलियेरलाही सुधारणेचा हेतू मान्य होता. करमणूक करता करता माणसांना सुधारणे हे सुखात्मिकेचे काम, असे त्याने राजाला दिलेल्या पहिल्या अर्जात लिहिले आहे. पण माणूस सुधारतोच, असा भाबडा विश्वास त्याच्या नाटकांत नाही. आर्पागों शेवटच्या ओळीपर्यंत आपल्या पैशाच्या पेटीकडेच धावत असतो, आणि झुर्दांला तर आपण फसलो हे कधीच कळत नाही.

प्रश्न : मी वैद्यकीय व्यवसायात आहे. ‘काल्पनिक रोगी’ नाटकात डॉक्टरांवर अन्याय झाला आहे असे आपल्याला वाटत नाही का? (एक डॉक्टर, नांदेड)

उत्तर : आदरपूर्वक सांगतो, वाटत नाही, कारण ते डॉक्टर आपले व्यवसायबंधू म्हणावेत असे नव्हेत. रक्त काढणे, जुलाब देणे आणि बस्ती (एनिमा) देणे हेच तेव्हाच्या उपचारांचे मुख्य मार्ग होते. हार्वे या इंग्रज वैद्याने रक्ताभिसरणाचा शोध १६२८ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी लिहिलेल्या या नाटकात डॉक्टर दियाफोआरुस आपल्या मुलाची मोठी थोरवी सांगतो ती ही की, तो प्राचीनांच्या मतांना डोळे झाकून चिकटून आहे आणि रक्ताभिसरणासारख्या तथाकथित शोधांची बाजू त्याने कधी ऐकूनही घेतली नाही. हा मुलगा वाग्दत्त वधूला करमणुकीसाठी एका स्त्रीच्या शवाचे विच्छेदन पाहायला येण्याचे आमंत्रण देतो. मोलियेरचा रोख उपचारावर नसून लॅटिनच्या आडोशाने प्रश्न बंद पाडणाऱ्या अधिकारावर आहे. आज आपण रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगत असाल, तर आपण मोलियेरच्या बाजूचेच आहात.

आणि दोष रोगी आर्गां याचाही आहेच. पडदा वर जातो तेव्हा तो एकटा बसून औषधविक्याचे महिन्याचे बिल तपासत असतो, प्रत्येक रकमेत काटछाट करतो आणि शेवटी निष्कर्ष काढतो : या महिन्यात आठ औषधे आणि बारा बस्ती झाल्या, मागच्या महिन्यात बारा औषधे आणि वीस बस्ती झाल्या होत्या, तेव्हा या महिन्यात प्रकृती तितकीशी बरी नाही यात नवल काय! मरणाची भीती आणि पैशाचा चिकटपणा एकाच माणसात शेजारी शेजारी बसवली आहे.

हे नाटक लिहिले तेव्हा मोलियेर स्वतः खरोखरच आजारी होता, हे विसरू नये. तिसऱ्या अंकात आर्गांचा भाऊ त्याला मोलियेरचे नाटक पाहायला सुचवतो; त्यावर आर्गां संतापून म्हणतो की, मी डॉक्टर असतो तर मोलियेर आजारी पडल्यावर त्याला मदतीवाचून मरू दिले असते. हे वाक्य आर्गांच्या भूमिकेतील मोलियेरच उच्चारत होता. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी, चौथ्या प्रयोगात, त्याला रंगमंचावर त्रास झाला. त्याने प्रयोग पुरा केला आणि त्याच रात्री घरी त्याचा अंत झाला. नटाचा पेशा शेवटच्या घटकेला रीतसर न सोडल्यामुळे चर्चने दफनास नकार दिला. राजाने मध्यस्थी केल्यावर २१ फेब्रुवारीच्या रात्री, समारंभाविना, त्याचे दफन झाले.

प्रश्न : मोलियेरनंतर ही परंपरा पुढे गेली की थांबली? (एक विद्यार्थी, धाराशिव)

उत्तर : पुढे गेली. लसाजच्या १७०९ सालच्या ‘त्युर्कारे’ नाटकात करवसुलीच्या मक्त्यावर गब्बर झालेल्या सावकाराला सगळे मिळून लुबाडतात. मारिव्होने १७३० साली धनी आणि नोकर यांच्या वेषांची अदलाबदल करून प्रेमाची परीक्षा रंगवली. तेथे उपहास सौम्य आहे. बोमार्शेचे ‘फिगारोचे लग्न’ १७८४ साली, राज्यक्रांतीच्या पाच वर्षे आधी, रंगमंचावर आले आणि त्यात नोकर स्वगतात उमरावाला उद्देशून विचारतो की, जन्माला येण्याचे कष्ट घेण्यापलीकडे आपण केले काय? मोलियेरच्या नोकरांनी हा प्रश्न विचारला नव्हता. माझ्या मते घराच्या अंतरंगाची जाण मात्र या तिघांपैकी कोणालाही मोलियेरइतकी नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील मुलांना युवक महोत्सवासाठी मोलियेरमधील काही बसवायचे आहे. वेळ थोडा, खर्च बेताचा. काय निवडावे? (एक प्राध्यापक, लातूर)

उत्तर : ‘कंजूष’ निवडावे. ‘तार्तुफ’ मूळ फ्रेंचमध्ये पद्यात आहे आणि त्यातील खटका गद्यात आणणे अवघड जाते. ‘कंजूष’ मुळातच गद्यात आहे, सगळे एका घरात घडते, नेपथ्याला एक दार, एक खुर्ची आणि शेवटी लागणारी पेटी पुरते. आपल्याकडे मोलियेर परका नाही. हरिभाऊ आपट्यांनी ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ आणले, देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधील तसबिरीचा घोटाळा एका इंग्रजी नाटकाच्या वाटेने मोलियेरपर्यंतच पोहोचतो, आणि आचार्य अत्रे यांचे ‘कवडीचुंबक’ तर याच ‘कंजूष’वर बेतलेले आहे. मोलियेरनेही कल्पना रोमन नाटककार प्लॉटसकडून घेतली होती, तेव्हा मुलांनी आपल्या बोलीत ते नव्याने बांधायला कोणतीही हरकत नसावी. सावकारीच्या यादीत लातूरच्या आडत बाजारातील वस्तू आल्या तर त्या अधिक शोभतील.

दोन प्रवेश जोडून घ्यावेत. एक, पेटी चोरीला गेल्यावरचे आर्पागोंचे स्वगत. तो चोराला पकडतो, पाहतो तर तो स्वतःचाच हात असतो. मग तो प्रेक्षकांकडे बोट दाखवून विचारतो की, चोर तुमच्यात तर लपलेला नाही ना. हे स्वगत नटाने हसवण्यासाठी म्हणू नये. घरात कोणी गेल्यावर माणूस जसा आक्रोश करतो तितक्या खऱ्या दुःखाने म्हणावे; हसणे प्रेक्षकांचे काम आहे. दुसरा प्रवेश पहिल्या अंकातील नोकराच्या झडतीचा. ला फ्लेश या नोकराला आर्पागों म्हणतो, “हात दाखव.” तो दाखवतो. आर्पागों म्हणतो, “दुसरे.” “दुसरे?” “हो.” नोकर तेच हात पुन्हा पुढे करतो. येथे ‘दुसरे’ म्हणण्यापूर्वी थांबू नये आणि आवाजही चढवू नये. या माणसाला जगातल्या प्रत्येकाला चार हात असल्याची खात्री आहे, इतक्या सहजतेने तो शब्द आला पाहिजे. तालमीला हाच प्रवेश पहिल्यांदा घ्यावा आणि इच्छुक मुलांपैकी प्रत्येकाकडून करून पाहावा. आर्पागोंचे काम कोणाला द्यायचे हे त्यावरून ठरेल.